सरकीचा खोकला

मांजर खोकू लागलं तर आधी त्याचं पोट बघा, छाती नंतर. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी हा लेख वाचल्याचं सार्थक होईल. पुढचं सगळं माझ्याबद्दल आहे.

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, "डॉक्टर, जनावरांच्या दवाखान्यातले चार गमतीदार किस्से पाठवा, दिवाळीत लोकांना हसायला हवं असतं." किस्से माझ्याकडे आहेत. रेल्वे फाटकात बसकण मारलेली म्हैस आहे, बैलाच्या आधी स्वतःच औषध चाखून बघणारा पाटील आहे. ते सांगून मी लग्नाच्या पंगती हसवल्या आहेत. पण जो किस्सा मी कुठल्याच पंगतीत सांगितला नाही तो एका मांजराचा आहे. पन्नाशीला आलो. आता सांगतो.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी माझी नेमणूक वर्धा जिल्ह्यात, सिंदी-सेलूकडच्या एका गावी झाली. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. गाव कापसाचं. दवाखान्याच्या दोन खोल्या, पुढे बैल अडकवायचा लाकडी खोडा, आणि मागच्या भिंतीला लागून जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की होळीपर्यंत आमच्या औषधांच्या बाटल्यांवर रुईची पांढरी लव चढलेली असायची.

दवाखान्यात आम्ही तिघं. मी, आठवड्यातून तीन दिवस येणारा शिपाई, आणि पुंडलिक. सरकारी भाषेत पुंडलिक 'व्रणोपचारक', म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. गाव त्याला ड्रेसर म्हणे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, सडपातळ, कमी बोलणारा. गावाच्या पूर्वेच्या बौद्ध वस्तीत तो आणि त्याची आई राहत. आईचं सगळं आयुष्य जिनिंगात कापसातला कचरा वेचण्यात गेलं होतं. त्यामुळे पुंडलिक लहानाचा मोठा झाला तो जिनिंगच्या आवारात, कापसाच्या ढिगांमध्ये आणि तिथल्या मांजरांमध्ये.

जिनिंगला मांजरं लागतात. सरकीला उंदीर येतात, उंदरांना मांजरं. ती झोपतात रुईच्या ढिगावर, कारण त्याहून मऊ गादी राजालाही मिळणार नाही. आणि दुखणं तिथूनच सुरू होतं.

मांजराची जीभ किसणीसारखी असते. काटे आतल्या बाजूला वळलेले. अंग चाटताना जो केस जिभेवर येतो तो थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बरेचसे केस शौचावाटे जातात. राहिलेले पोटात जमतात आणि एक दिवस मांजर ते ओकून टाकतं. लोक 'केसांचा गोळा' म्हणतात, पण बाहेर पडतं ते गोळ्यासारखं नसतं, हातावर वळलेल्या वातीसारखं असतं, लांबट आणि ओलं. थंडी सरताना मांजरं केस गाळतात, तेव्हा हे जास्त. आमच्या गावात नेमका तोच काळ जिनिंगच्या भराचा. केसांबरोबर रुईही पोटात जायची. केस आणि रुई एकत्र वळले की जी वात तयार होते ती सहजासहजी वर येत नाही आणि खालीही सरकत नाही.

हे ज्ञान मला कॉलेजात मिळालेलं नाही. कॉलेजात आम्हाला गाय, म्हैस, बैल, शेळी, घोडा शिकवला. मांजर पुस्तकाच्या शेवटी होतं आणि परीक्षेला येत नसे.

रुजू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात जिनिंगचा मुकादम एक बोका पिशवीत घालून घेऊन आला. पिशवीतून फक्त डोकं बाहेर.

"साहेब, याले क्षय झाला," मुकादम म्हणाला. "चार दिवसांपासून खोकलून राह्यला. खाणंपिणं बंद. आमच्या मानसाईले लागन म्हून आणला."

मी बोक्याच्या छातीला नळी लावली. बोक्यानं मला मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं. तशातच मी दम्याचं निदान केलं आणि कागदावर खोकल्याचं औषध लिहू लागलो. मागे पुंडलिक उभा होता. तो हळूच म्हणाला,

"साहेब, खोकला नाई तो. पोट पाहा. खोकलला त छाती हालते, याचं पोट हालून राह्यलं."

"तू पट्ट्या बघ," मी म्हणालो.

पुंडलिकनं पिशवीची गाठ सोडली. बोका टेबलावर उतरला, दबून बसला, मान लांब केली, पोट तीनदा आत ओढलं, आणि माझ्या उघड्या रजिस्टरवर, त्या दिवसाच्या पानाच्या बरोबर मधोमध, बोटभर लांबीची ओली करडी वात टाकली. मग मिशा चाटल्या आणि टेबलावरच आडवा झाला.

मुकादम हसला. दारात बैल धरून उभे असलेले तिघे हसले. "घ्या! क्षय निंगाला!" कोणीतरी म्हणालं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की नव्या डॉक्टरसाहेबाले मांजर समजत नाई, पुंडलिकले समजते.

पुंडलिक मात्र हसला नव्हता. त्यानं रजिस्टर पुसून उन्हात ठेवलं. तो हसला असता तर बरं झालं असतं, मला त्याच्यावर रागावता आलं असतं.

त्यानंतर लोक मांजरं आणू लागले. कोणी दुरडीत, कोणी भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात. एक म्हातारी तर पोटाशी लुगड्यात बांधून आणायची. दारातून आत डोकावत आणि विचारत, "पुंडलिक हाय काय?"

"मी आहे ना," मी म्हणायचो.

"नाई, मंग उद्या येतो."

शिकलेल्या माणसाला हे कसं लागतं ते कोणाला सांगता येत नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मांजरंच आहेत, जाऊ द्या ना." मांजरंच होती. बैल, म्हशी, गाभण गाई सगळ्या माझ्याचकडे यायच्या. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून मी जिवंत रेडकू काढलं आहे आणि अख्ख्या आळीनं माझ्या नावानं पेढे वाटले आहेत. पण माझं लक्ष पेढ्यांकडे नसायचं. बाजूच्या पायरीवर पुंडलिकच्या मांडीत डोळे मिटून पडलेल्या मांजराकडे असायचं.

त्याची रीत अशी होती. मांजराला तो कधी पकडत नसे. पायरीवर बसायचा, हात गुडघ्यावर उलटे ठेवायचा आणि दुसरीकडेच बघायचा. मांजर आपणहून यायचं. मग ओला हात पाठीवरून फिरवायचा, मोकळे केस हाताला चिकटून यायचे. मग लाकडी फणी. मग करंगळीवर थोडं तूप घेऊन मांजराच्या पुढच्या पंजावर चोळायचा. मांजराला अंगावर काही चिकटलेलं सहन होत नाही, ते चाटून साफ करतं. असं तीन-चार दिवस. बरोबर कुंडीत लावलेली हरळी, ती मांजरं खातात आणि ओकतात. चौथ्या दिवशी वात पडायची, वर नाहीतर खाली.

"तोंडात काऊन नाही घालत?" मी एकदा विचारलं. त्याच्याच बोलीत विचारलं, टोमणा म्हणून.

"आपल्या मनानं घेतलेलं पोटात जाते, साहेब," तो म्हणाला. "दुसऱ्यानं घातलेलं कुठंही जाते."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शेतकऱ्यांना मी स्वतः हेच शिकवत होतो. बैलाचं पोट फुगलं की बांबूच्या नळीनं जवसाचं तेल पाजतात. एका गड्यानं घाईत बैलाची मान वर ओढून, जीभ धरून तेल ओतलं होतं. तेल श्वासनळीत गेलं आणि चौथ्या दिवशी बैल गेला. त्यानंतर दर बैलबाजारात मी उभा राहून सांगायचो, "मान फार वर करू नका, जीभ धरू नका, घोट घेऊ द्या, घाई करू नका." माझं ते भाषण लोकांना पाठ झालं होतं.

आता नलूताईंकडे येतो.

नलूताई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. एकट्या राहत, जिनिंगच्या मागच्या गल्लीत. घरात दोन कपाटं पुस्तकं. गावात ज्यांच्याशी बोलावं असं मला वाटे ते एवढंच एक घर. तुम्ही समजता तसं काही नव्हतं. मला फक्त त्या घरात मान हवा होता. त्यांनी एखादं पुस्तक माझ्या हातात देऊन "तुम्हाला आवडेल" असं म्हणावं, इतकंच. त्या मला पुढच्या खोलीत खुर्ची देत, बशीवर कप ठेवून चहा देत आणि 'डॉक्टरसाहेब' म्हणत.

त्यांची मांजर जिनिंगातच जन्मलेली. पांढरी, अंगावर काळे ठिपके, म्हणून नाव सरकी. दुपारभर ती जिनिंगात रुईवर लोळायची आणि शाळा सुटायच्या वेळेला घरी यायची. हिवाळ्यात दोनदा-तीनदा तिच्या पोटात वात अडायची आणि पुंडलिक जायचा.

एकदा मी चहाला गेलो असताना आतून बोलण्याचा आवाज आला. पुंडलिक स्वयंपाकघरात पाटावर बसला होता. मांडीत सरकी. नलूताई समोर भाकरी थापत होत्या आणि दोघं बोलत होते. मांजराविषयी नाही. त्याच्या आईविषयी, जिनिंगातल्या बायकांविषयी. नलूताई त्याला 'पुंडलिकभाऊ' म्हणत होत्या. म्हणाल्या, "पुंडलिकभाऊ, तुमच्या हाताला गुण आहे. शिकून येत नाही तो."

मी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिलो.

इथे आणखी एक गोष्ट लिहायला हवी. आमच्या घरी पुंडलिकचा कप वेगळा होता. मागच्या खिडकीत पालथा. तो येई, स्वतः कप घेई, चहा पिऊन धुऊन परत पालथा घाली. मी सरकारी नोकर, सभेत समतेवर बोललेला माणूस, पण तो कप तिथे का आहे हे मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी नलूताईंच्या स्वयंपाकघरात त्याला बसलेलं पाहून मला जे वाटलं त्यात तो कपही होता. मला नुसता हेवा वाटला नाही. मला वाटलं, हा तिथे कसा? हे शब्द लिहिताना हात जड होतो आहे, पण वाटलं ते हेच.

मी रुजू झाल्यावर दोन वर्षांनंतरची गोष्ट. होळीच्या आधीचे दिवस, जिनिंग जोरात. शाळेची शिपाईण निरोप घेऊन आली. "बाईनं सांगतलं, सरकी खाऊन नाई राह्यली, पुंडलिकभाऊले पाठवा."

पुंडलिक समोरच होता. मी म्हणालो, "पुंडलिक, गुरांना बुळकांडीच्या साथीच्या लशी टोचायचं राहिलं आहे ना? आजच निघ. पलीकडची दोन्ही गावं करूनच ये."

"सरकीले पाहून जाऊ काय, साहेब? वाटंतच हाय."

"बर्फ वितळेल. मी बघतो सरकीला."

लस बर्फात ठेवावी लागते हे खरं आहे. पण लस उद्या गेली असती तरी चाललं असतं, हेही खरं आहे. पुंडलिकनं थर्मास उचलला. जाताना सवयीनं माझी बॅग पुसून टेबलावर ठेवली. लशींच्या कॅम्पला आम्ही बरोबर गेलो की ती बॅग तोच उचलायचा, मी कधी सांगितलं नव्हतं.

नलूताईंनी दार उघडलं आणि माझ्या मागे पाहिलं.

"पुंडलिकभाऊ नाही आले?"

"कॅम्पला गेलाय. मी आलोय ना."

"हो, हो. या ना," त्या म्हणाल्या. ते दुसरं 'हो' मला अजून ऐकू येतं.

सरकी चुलीजवळ दबून बसली होती. मान लांब, पोट ओढत होती. वात अडली होती, काही कठीण प्रकरण नव्हतं. पुंडलिकची रीत मला पाठ होती. फणी, तूप, हरळी, तीन-चार दिवस. पण पुंडलिक उद्या संध्याकाळी परत येणार होता. मला वात आज हवी होती. नलूताईंच्या देखत, किंवा निदान तो यायच्या आत.

बॅगेत लिक्विड पॅराफिनची बाटली होती. पातळ, बिनवासाचं, बिनचवीचं तेल, आतडं ओलं करून अडलेलं पुढे सरकवणारं. औषध बरोबर होतं, ते मी आजही म्हणेन. काचेची मोठी पिचकारी घेतली, सुई काढली, दहा सीसी तेल भरलं.

"ताई, जरा कोमट पाणी आणता?" मी म्हणालो. पाणी मला नको होतं. मांजर मला ओरबाडताना त्यांनी बघायला नको होतं.

त्या मागे न्हाणीघराकडे गेल्या. मी सरकीला मानेच्या कातड्याला धरून टॉवेलात गुंडाळलं, डोकं वर केलं, पिचकारी गालात घातली आणि दट्ट्या दाबला. एका दमात. ती धडपडली, मी आणखी घट्ट धरलं. ती खोकली नाही. मला वाटलं, गेलं बरोबर पोटात. नलूताई पाणी घेऊन आल्या तेव्हा मी हात पुसत होतो. मनगटावर एक ओरखडासुद्धा नव्हता, आणि मला त्याचा आनंद झाला होता.

"दिलं औषध. उद्यापर्यंत मोकळी होईल."

"इतक्यात झालं?" नलूताई म्हणाल्या. "पुंडलिकभाऊंना तर चार दिवस लागतात."

आयुष्यात कौतुकाचे शब्द मी बरेच ऐकले. इतके गोड कुठलेच लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुंडलिक परत आला आणि घरी न जाता आधी सरकीकडे गेला. वात पडली नव्हती. ती सुस्त होती. त्यानं पंजाला तूप लावलं. तिनं थोडं चाटलं आणि सोडून दिलं. सकाळी येऊन तो मला म्हणाला, "साहेब, तिचा श्वास मले बरोबर नाई वाटून राह्यला. तुमी एक खेप पाहा."

"बघू दुपारी," मी म्हणालो. गेलो नाही. मला कळलं होतं.

चौथ्या दिवशी नलूताईच सरकीला टॉवेलात घेऊन दवाखान्यात आल्या. तोंड उघडं, भराभर श्वास, अंग तापलेलं. मी नळी लावली. छातीत दोन्ही बाजूंना ओला, करकरता आवाज. एक इंजेक्शन दिलं. टेबलावरच, दहा मिनिटांत, सरकी गेली. जिथे मुकादमाच्या बोक्यानं वात टाकली होती तेच टेबल.

नलूताई रडल्या नाहीत. टॉवेल नीट करत म्हणाल्या, "काय झालं हो?"

पुंडलिकही माझ्याकडे बघत होता. त्यालाही तेच विचारायचं होतं. दोघांनाही उत्तर हवं होतं आणि ते देऊ शकेल असा खोलीत डॉक्टर मी एकटाच होतो.

मी म्हणालो, "तूप छातीत गेलं."

एवढंच. पुढे आणखी एक वाक्य जोडलं, "माझं औषध पोटात गेलं होतं, पण वरून तूप द्यायला नको होतं."

पंजावरचं तूप चाटून कुठलंही मांजर कधी मेलेलं नाही. हे मला माहीत होतं. छातीत माझं तेल गेलं होतं. पण पुंडलिकनं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, करंगळीकडे, आणि म्हणाला, "मले नोतं माहीत, साहेब." मग नलूताईंकडे वळून, "ताई, मले माफ करजा."

नलूताई सरकीला घेऊन गेल्या. त्यानंतर त्यांनी पुंडलिकला बोलावलं नाही. मलाही पुस्तक दिलं नाही.

मी इथवरच थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण तो रोज समोर यायचा, खाली मान घालून बैलांचे खांदे धुवायचा, आणि त्याच्याकडे बघणं मला अशक्य झालं. महिन्याभरात मी वर्ध्याच्या कचेरीला अहवाल पाठवला. व्रणोपचारकानं परवानगीशिवाय उपचार केल्यानं एक पाळीव जनावर दगावलं, सबब अन्यत्र नेमणूक व्हावी. त्याची बदली कारंजा घाडग्याला झाली. म्हातारी आई बरोबर गेली. निघताना तो बॅगेचा नवा पट्टा शिवून ठेवून गेला. जुना तुटायला आला होता.

त्यानंतर गावात मांजराला आजार झाला तर लोक मांजर आणत नसत. "पुंडलिक नाई त कायले न्यायचं?" मला वाटलं होतं तो गेल्यावर ती सगळी माझ्याकडे येतील.

सहा वर्षांनी बढती मिळून मी दवाखान्यांची तपासणी करू लागलो आणि एका दुपारी कारंजाला पोचलो. पुंडलिक तिथेच होता. केस पांढरे झाले होते. त्यानं नमस्कार केला, तपासणी होईपर्यंत उभा राहिला, मग माझी बॅग उचलली. "गाडीले टाइम हाय, साहेब. चला, चहा घेऊ."

नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या एका धाब्यावर आम्ही बाजेवर बसलो. समोर ट्रक उभे होते. बाजेखाली एक पिवळी मांजर दबून बसली होती. मान लांब, पोट ओढत होती.

धाबेवाला चहा ठेवत म्हणाला, "साहब, आप ही देख लो. ये पुंडलिकभाऊ तो हाथ नहीं लगाते. जनावर के दवाखाने का आदमी, और बिल्ली से डरता है!"

"मी मांजराले हात लावत नाई, साहेब," पुंडलिक मला समजावत म्हणाला. "तुमाले त माहीतच हाय. माह्या हातानं एक जीव गेला. तवापासून सोडलं."

खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. तो मांजरांना हात लावत नाही हे ऐकून, आत कुठेतरी, बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटली. मी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. पिचकारी, टॉवेल, न्हाणीघरातलं पाणी, अहवाल. थर्माससुद्धा.

 एक ट्रक निघून गेला.

"म्हंजे तूप नोतं?"

"नव्हतं."

"किती सीसी होतं?"

"दहा."

"मान वर होती?"

"वर होती."

"खोकलली?"

"नाही."

"नाईच खोकलत," तो म्हणाला. "त्या तेलाले चव नाई, वास नाई. नळीत गेलं तरी जिवाले समजत नाई. म्हून घोट घेऊ द्या लागते." मग म्हणाला, "बैलाच्या बाजारात तुमीच सांगत जा, साहेब."



"माय गेली माही, परसाली," तो पुढे म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तिनं इचारलं होतं, गाव काऊन सोडलं बाप्पा आपण? मी म्हणलं, माय, माह्या हातून चूक झाली. थे म्हणे, झाली त झाली, पुन्हा करू नको. मेली तरी तिले हेच माहीत होतं."

 परत आल्यावर मी कचेरीला खरा अहवाल लिहून दिला. "जुनं प्रकरण, राहू द्या," असं तोंडी उत्तर मिळालं. नलूताई निवृत्त होऊन भावाकडे गेल्या होत्या. त्यांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. आणि गावात अजूनही सरकीला पुंडलिकनं मारलं असंच सांगतात. त्या गावीही हा अंक जातो, म्हणून हे लिहिलं आहे.

धाब्यावर मग असं झालं. पुंडलिक उठला. हौदावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. धाबेवाल्याला म्हणाला, "तूप दे जरासं. डालडा नको, तूप." मग जमिनीवर मांडी घालून बसला, हात गुडघ्यावर उलटे ठेवले आणि दुसरीकडे बघू लागला. 

मांजर बाजेखालून बाहेर येईना. एकदा मान काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेली.

"साहेब," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी दूर बसा. बुजून राह्यली थे तुमाले."

मी उठून पलीकडच्या बाजेवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं मांजर बाहेर आली, त्याच्या गुडघ्याला डोकं घासलं आणि मांडीत चढली. त्यानं करंगळीनं पंजाला तूप लावलं. ती चाटू लागली. त्यानं ओला हात पाठीवरून फिरवला तसे तिचे डोळे मिटले. 

इतकं सांगितलं, तर हेही सांगतो. मला त्याचा हेवा वाटला. पहिल्या दिवशी वाटला होता तेवढाच.

एसटी आली, हॉर्न वाजला. पुंडलिकनं वर पाहिलं नाही, मांजर मांडीत होती. मी माझी बॅग उचलली.